निळ्या डबीचा लॉट

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार

सकाळी ६.४०. जळगाव, क्लबची रेंज. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पहिल्या पाच गोळ्या मारून झाल्या होत्या, कागद आणायला चालत निघालो होतो. पन्नास मीटर. वारा नाही.

तीन प्रकार तपासायचे. कंपन्यांची नावं लिहीत नाही, डबीचा रंग पुरे. लाल: एक गोळी १४ रु. निळी: १९. हिरवी: ४०. प्रत्येकीच्या सुट्या दहा घेतल्या. पाच गोळ्या एकाच नेमावर मारायच्या, सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. त्याला ग्रुप म्हणतात. कमी तेवढा चांगला.

लाल – २६ मिमी, २३ मिमी. एक फुटलीच नाही. फिरवून पुन्हा घातली तेव्हा फुटली.
निळी – १७, १७.
हिरवी – १५, १६.

इरफानच्या व्हर्नियरने मोजलं. इरफान भुसावळला लेथवर काम करतो, क्लबात पिस्तूल मारतो. मी तिसऱ्यांदा मोजायला लागलो तर म्हणाला, "जितूभाऊ, गोळ्या घेतोयस का सोनं? सोनारसुद्धा दोनदाच बघतो."

पण चुकून चालणार नाही. १२ ऑक्टोबरला धुळ्यात निवड आहे. पडून मारायच्या साठ गोळ्या, ६०० पैकी ५७० लागतात, तर पुण्याला राज्य स्पर्धेत जाता येईल. गेल्या वर्षी ५६४. त्याआधी ५६१. थोरल्या बहिणीला, अक्काला, शब्द दिलाय की यंदा नाही झालं तर बंद.


१४ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस डोक्यात हेच. कंपनीत (चटईच्या) मशीनवर उभा असताना पण.

हिरवी मला परवडत नाही, हे धरून चाललं पाहिजे. पण निळीला १७ आले ते खरे की नशिबाने? दहाच गोळ्या मारल्या. दहावरून ठरवणं बरोबर का? पन्नास माराव्यात तर ९५० रुपये तपासण्यातच गेले. आणि तपासून झालं तोवर तो लॉट संपला तर? दुसऱ्या लॉटची निळी म्हणजे दुसरीच गोळी. डबी तीच, रंग तोच, पण मिश्रण वेगळं, दिवस वेगळा. एकदा लॉट ठरला की सगळ्या त्याच घ्यायच्या.

आणि क्लबची 'तीन नंबर' रायफल. तिला काय आवडेल ते तिलाच माहीत. शेजारच्या 'पाच नंबर'ला लालच आवडते. का, ते कोणाला सांगता येत नाही. इरफान म्हणतो सासूसारखं आहे, विचारायचं नाही, वाढायचं आणि तोंड बघायचं.

कंपनीतला बापू जेवणाच्या सुट्टीत विचारत होता, "तुझ्या त्या गोळ्यांनी डुक्कर पडेल का रे? मक्यात धिंगाणा घातलाय." त्याला सांगितलं, एक तर कायदा. परवानगी वनखात्याची, माणूस परवान्याचा, हत्यार परवान्याचं. आणि ही गोळी बोटाच्या पेराएवढी. डुक्कर पडणार नाही, जखमी होऊन पळेल, चार दिवस कुठेतरी कुजत मरेल. "मग काय कामाची?" म्हणाला. कागदाला भोक पाडायच्या कामाची. सगळे हसले. मीपण हसलो पण नंतर वाईट वाटलं.

अक्का शिलाईवरून मान वर न करता: "घेऊन टाक ना एक कुठलीतरी. लग्नाला मुलगी बघतोयस का?"


१८ सप्टेंबर, गुरुवार

ठरलं. निळी.

क्लबात सचिव सर, नाना, इरफान आणि मी. सचिव सरांचं म्हणणं, स्पर्धेला हिरवीच. "स्वस्तात जाऊ नका. शेवटी गोळी म्हणजे गोळी." मी ग्रुपचे कागद दाखवले. सरांनी बघितले पण हातात घेतले नाहीत. माझा आवाज कापतो अशा वेळी.

नाना मध्ये पडले. नाना म्हणजे आमच्या क्लबचे स्टोअर बघणारे. मूळचे शिंदखेड्याकडचे, सगळी नोकरी वरणगावला फॅक्टरीत, तीस वर्षं गोळ्यांतच. निवृत्त झाल्यापासून शस्त्रखोलीची किल्ली त्यांच्याकडे. पैसे घेत नाहीत. सरांना म्हणाले, "पोऱ्याने मोजलंय. तुम्ही मोजलंय का?"

नाना नुसते बोलले नाहीत. ९,५०० लागत होते (दहा डब्या, पाचशे गोळ्या), माझ्याकडे ६,५०० होते. उरलेले ३,००० त्यांनी दिले. नको म्हटलं तर, "मी काय देणगी दी ऱ्हायनू का? उसना शेतस."

इरफाननेही त्याच लॉटची एक डबी घेतली, त्याच्या पिस्तुलाला. ती त्याच्या स्वतःच्या कप्प्यात, त्याच्या कुलपात.

लॉट नंबर दहाही डब्यांवर वाचला. एकच आहे. पुन्हा वाचला.

काही चुकलं तर आता नानांचंही नाव जाणार. हे आधी लक्षात आलं नव्हतं.


२४ सप्टेंबर, बुधवार

पहाटे रेंज. साठ गोळ्या, घड्याळ लावून. ५७३!

सहाही कागद पुन्हा मोजले. ५७३च. शेवटच्या दहांत एक ८ आला, तो माझा, श्वास चुकला. गोळीचा दोष नाही. फुसका एकही नाही.

नानांनी कागद खिडकीकडे धरून बघितला, "हां" म्हणाले. एवढंच. पण दिवसभर तेच ऐकू येत होतं.

एकच त्रास: या गोळ्यांना वरून चिकट काहीतरी असतं. बोटं चिकट होतात, त्यावर रेंजची माती बसते. ट्रिगरला तेच बोट. दर दहा गोळ्यांनी रुमाल. नानांनाही बोललो.


१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

शिफ्ट संपवून थेट क्लबात. सतरंजीवर सगळ्या रायफली ओळीने, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. नळीच्या तोंडावर कुंकू लावायचं नाही हे नाना दर वर्षी नव्या पोरांना ओरडून सांगतात, दर वर्षी कोणीतरी लावतंच. इरफान भुसावळहून फुलं घेऊन आला होता. म्हणाला, "आमच्या लेथलापण एक माळ ठेवा, नाहीतर उद्या रुसायची."

रायफलींच्या पुढे ताटात माझ्या गोळ्या. ३९० उरल्यात, सगळ्या डबीतून काढून उभ्या मांडलेल्या. अशा कधी बघितल्या नव्हत्या. शिसं आरशासारखं. नाना दुपारपासून एकटे बसून मऊ फडक्याने एकेक गोळी पुसत होते. कंबर धरली होती त्यांची. उठताना मी हात दिला.

"दख पोऱ्या, आते कशा चमकी ऱ्हायनात बठ्ठ्या! तू म्हणे ना, चिकट लागस. तीस वरीस हाईच काम करं मी. गोळी कशी, कोरडी खणखणीत पाहिजे."

मी त्यांच्या पाया पडलो. खरंच बरं वाटलं. एक गोळी उचलून बघितली, बोटाला काही लागलं नाही.


३ ऑक्टोबर, शुक्रवार

काहीतरी बिघडलं आहे.

चाळीस मारल्या. पहिल्या दहा नेहमीसारख्या, ९५. दुसऱ्या दहा ९२. तिसऱ्या ८८. चौथ्या ८४. एक गोळी सहात गेली. मी सहात दोन वर्षांत मारलेली नाही.

श्वास? झोप? चष्म्याचा नंबर? रायफलचा पट्टा एक भोक जास्त आवळला होता का? वहीतून मागचं सगळं बघितलं, पट्टा त्याच भोकात.

घरी अक्काने विचारलं, कसं झालं. ठीक म्हटलं. ती म्हणाली, "ठीक म्हणताना तू कान खाजवतोस."


४ ऑक्टोबर, शनिवार

सचिव सर रेंजवर आले होते. माझे कालचे कागद फळ्यावरच राहिले होते, काढायला विसरलो. सरांनी बघितले.

"म्हणून सांगत होतो. स्वस्तातलं घेतलं की असं होतं. आणि नानांचं ऐकून चालत नाही प्रत्येक वेळी. वय झालंय त्यांचं. किल्लीचंही बघावं लागेल आता."

शेवटचं वाक्य मला नव्हतं, दुसऱ्या कोणाशी बोलताना. पण ऐकू येईल असं.

लॉटच खराब निघाला का? १७ मिमी नशिबाने आले होते का? मग २४ तारखेचे ५७३? पाचशे गोळ्यांतल्या पहिल्या शंभर चांगल्या आणि बाकी वाईट असं होतं का?

आठ दिवस राहिले. काय करायचं समजत नाही.


५ ऑक्टोबर, रविवार

समजलं.

सकाळी इरफान आला. म्हणाला, आधी माणूस तपासू, मग गोळी. त्याने कुलूप उघडून त्याची डबी काढली. तोच लॉट, सील न तोडलेली. आधी रायफलची नळी साफ केली. फडक्यावर शिशाचे करडे पापुद्रे आले, नखाएवढे. एवढे कधीच येत नाहीत.

मग माझ्या दहा मारल्या. नंतर नळी पुन्हा साफ, पुन्हा पापुद्रे. मग इरफानच्या डबीतल्या पाच, इरफान एकेक भरून देत होता. ग्रुप १६, नंतर फडक्यावर पापुद्रा नाही.

एकच लॉट. एकच रायफल. मीच मारतोय.

इरफानने त्याचा अंगठा माझ्या नाकापुढे धरला. "माझा अंगठा बघ. आता तुझा दाखव." त्याचा चिकट, मातीने काळा. माझा कोरडा.

ते चिकट म्हणजे घाण नाही. मेण आहे. कारखान्यातूनच लावतात. गोळी उघड्या शिशाची, ती नळीतून घासत जाते, मेण नसेल तर शिसं नळीला लागत राहतं आणि दहा-बारा गोळ्यांनंतर नळीच वेडीवाकडी झाल्यासारखी. मोठ्या रायफलच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं, ती कोरडीच लागते. नानांनी आयुष्यभर ती बघितली. त्यांच्या हिशेबाने त्यांनी बरोबर तेच केलं.

आणि चिकट लागतं म्हणून तक्रार मी केली होती.

इरफानने पापुद्र्यांचं फडकं घडी केलं. मग, "म्हाताऱ्याने तीनशे नव्वद पुसल्या? एकट्याने? माझ्याच्याने नव्वद नसत्या झाल्या."


७ ऑक्टोबर, मंगळवार

पर्याय.

नव्या निळ्या: हा लॉट संपला. दुसरा लॉट दिवाळीनंतर.
हिरव्या: दोन डब्या लागतील, ४,००० रु. नाहीत. असते तरी त्या या रायफलमधून दहाच मारल्यात.
इरफानच्या: ४५ उरल्यात. तो देतोय. पण साठ अधिक सुरुवातीच्या सरावाच्या, म्हणजे ऐंशी तरी पाहिजेत.

इरफानची अक्कल: एक मेणाची, एक पुसलेली, एक मेणाची, एक पुसलेली. मेणाची गोळी जाताना नळीला थोडं मेण सोडून जाईल, त्यावर पुसलेली निघेल. आज करून बघितलं. पाच-पाच. ग्रुप २०. १७ नाही, पण सहात जाणारी गोळी नाही. अजून तपासायचं तर मेणाच्या संपतात. म्हणजे दहा गोळ्यांवरून पुन्हा तेच, ज्याची मला भीती वाटते.

मेणाच्या ४० आणि पुसलेल्या ४०. बरोबर पुरतात, एकही जास्त नाही.

खरा प्रश्न दुसराच. सरांना सांगायला पाहिजे की लॉट चांगला आहे. मग विचारतील, मग काय झालं? मग नानांचं नाव. मग किल्ली.

इरफानच्या गोळ्या माझ्या नावावर घ्यायच्या तर रजिस्टर नानांकडेच. त्यांनी चष्म्यातून बघितलं. "काबरं?" म्हटलं, त्याला लागत नाहीत, लॉट एकच आहे. लिहून घेतलं त्यांनी. "पुसी देऊ का त्याबी?"

मी इतक्या जोरात नको म्हणालो की ते दचकले.


११ ऑक्टोबर, शनिवार

उद्या धुळे. नेण्याच्या गोळ्यांना क्लबचं पत्र लागतं आणि क्लबचा माणूस सोबत. म्हणजे नाना. ते चार दिवसांपासून पांढरा सदरा धुवून ठेवून बसलेत.

इरफानने लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडून दिलीत, डावीकडे चाळीस, उजवीकडे चाळीस. डाव्या मेणाच्या. डावी, उजवी. डावी, उजवी. घरी खडू ठेवून सराव केला. अक्का बघत उभी राहिली, मग म्हणाली, "उद्या भाजीत मीठपण असंच टाकणार का, एकाआड एक?" तिला सगळं सांगितलं. ती हसायची थांबली.

"मग म्हाताऱ्याला सांगितलं?"
"नाही."
"का?"
"वाईट वाटेल."
"आणि उद्या तू हरलास तर त्याला बरं वाटणारे का?"

खडू पुन्हा ठोकळ्यात लावले.


१२ ऑक्टोबर, रविवार. धुळे.

रात्री लिहितोय, घरी. क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

सकाळच्या एसटीने गेलो. पारोळ्याला नानांनी भजी घेतली, मला बळेच दोन. मी खिशातला ठोकळा चाचपत होतो. नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, आमचा लॉट असा, पोऱ्याने असा मोजून घेतला.

दुसऱ्या फेरीत माझी पाळी आली. चौथी जागा. वारा उजवीकडून, हलका. नाना मागे खुर्चीवर, क्लबचे माणूस म्हणून.

डावी, उजवी. पहिला कागद ९६. दुसरा ९५. तिसऱ्यात एकदा हात दोनदा डावीकडे गेला, लक्षात आलं, मग पुढे दोन उजव्या मारून बरोबर केलं. ९४. चौथा ९६. पाचवा ९५. सहाव्यात शेवटच्या दोन गोळ्या राहिल्या तेव्हा घाम डोळ्यात. थांबलो. पुसला. मारल्या.

सहावा ९३. एकूण ५६९.

एकच कमी. सहाव्या कागदावर एक भोक नऊ आणि दहाच्या रेषेवर. पंचांनी नऊ दिला. मला वाटतं रेषेला लागलंय, रेषेला लागलं की वरचा गुण. मी काही बोलायच्या आत नाना उठून टेबलाजवळ गेले. "चॅलेंज. आम्हाला हा नऊ मान्य नाही." त्याची फी ५००, मान्य झालं तर परत. नानांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून काढून दिले.

पंचांनी भोकात गेज घातला, भिंग धरलं. एक म्हणाला लागलंय, दुसरा म्हणाला नाही. कागद फाटल्यासारखा झालाय, कडा धड दिसत नाही. मग भिंगवाल्या पंचांनी बाकीची भोकं बघितली आणि मला विचारलं,

"दोन प्रकारच्या गोळ्या मारल्यात का तुम्ही? काही भोकांना तेलकट कडी आहे. काहींना नाही. या भोकाला नाही."

"एकाच लॉटच्या आहेत, सर."

"असतील. पण बघा ना, एक आहे, एक नाही. सगळीकडे तसंच."

नाना माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी भिंग मागितलं. पंचांनी दिलं. पहिला कागद बघितला, दुसरा बघितला. सहाही बघितले. त्यांना घाई नव्हती. भिंग टेबलावर ठेवलं, दांडा पंचांकडे करून.

तिसरे पंच आज नव्हते. कागद पाकिटात सील केला, समिती बघून कळवेल म्हणाले.

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी. पारोळा गेलं. मग,

"कितल्या?"
"काय कितल्या, नाना?"
"पुसेल."
"निम्म्या."

नाना: "मंग तू माले सांगं काबरं नही?"

मी पिशवीतली रिकामी काडतुसं चाचपत राहिलो. एरंडोल आलं, माणसं चढली, एक बाई बाळ घेऊन उभी होती तिला नानांनी जागा दिली आणि ते पुढे जाऊन उभे राहिले. जळगावपर्यंत उभेच.


१३ ऑक्टोबर, सोमवार

निकाल नाही. दुपारी दोनदा फोन लावला, उचलला नाही.

कंपनीत एक पूर्ण गुंडाळी वाकडी विणली गेली, सुपरवायझर ओरडला.

नाना रेंजवर आले नाहीत. रिकामी काडतुसं मोजून परत द्यायची होती, ती माझ्याकडेच पिशवीत. ऐंशी. शस्त्रखोलीला कुलूप.


१५ ऑक्टोबर, बुधवार

धुळ्याहून फोन आला. समिती दिवाळीनंतर बसणार. "तोवर ५६९ धरायचे का ५७०?" विचारलं. "काहीच धरू नका," म्हणाले.

संध्याकाळी रेंजवर गेलो तर कुलूप उघडं. नाना आत, सतरंजी टाकून. समोर माझ्या उरलेल्या २९५ गोळ्या, आणि मेणाचा मोठा पिवळा गोळा. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचे साडू राहतात, तिकडे मध काढतात, तिथून काल जाऊन आणला. आणि पिशवीतून रॉकेलचा छोटा स्टोव्ह काढत होते, वितळवायला.

मी ओरडलो. नानांवर आयुष्यात पहिल्यांदा. "नाना, तो स्टोव्ह बाहेर! आधी बाहेर!" स्वतःच उचलून कंपाउंडच्या पलीकडे ठेवून आलो. परत आलो तर नाना चक्क हसत होते. "तीस वरीस फॅक्टरीमा काढात, तवय कोणी असं बोलनं नही माले. मी बाहेर नेईसनच पेटावणार व्हतू ना, येडा."

मग बोटाने, थंडच, एकेका गोळीला चोळत बसले. मला माहीत आहे, हाताने लावलेलं मेण कारखान्यासारखं एकसारखं बसणार नाही. कुठे जाड, कुठे पातळ. स्पर्धेत या गोळ्या मी वापरणार नाही. त्यांनाही माहीत असणार. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

"मी सरले सांगी दिधं," मान खाली घालूनच म्हणाले. "लॉट चांगला शे, पोऱ्यानं निवडेल बराबर शे, चूक मन्ही शे."

"काय म्हणाले सर?"

"किल्लीचं दिवाळीनंतर पाहू म्हणे."

मी म्हटलं, चिकट लागतं अशी तक्रार मी केली होती, तेही सांगायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "ते तू सांग." आणि सरकून सतरंजीवर जागा केली. "बस आठे."

बसलो. अंधार पडेपर्यंत साठेक झाल्या. उद्या सरांकडे जायचं आहे. काय बोलायचं ते दोनदा मनात म्हणून बघितलं, दोन्ही वेळा आवाज कापला.

हिशेब आजपर्यंत.

खर्च:
तपासणीच्या सुट्या गोळ्या, तीन रंग – ७३०
निळ्या, दहा डब्या – ९,५००
इरफानची एक डबी – ९५०
प्रवेश फी – ८००
एसटी, दोघांची, जाऊन येऊन (नानांचं अर्धं तिकीट) – ४५०
चॅलेंज फी – ५००
एकूण १२,९३०

देणे:
नाना, गोळ्यांचे – ३,०००
नाना, चॅलेंजचे – ५००
इरफान – ९५० (घेत नाही म्हणतो. लिहून ठेवले.)
एकूण ४,४५०

चॅलेंज मान्य झालं तर ५०० परत येतील, मग देणे ३,९५०. तोवर दोन्ही आकडे शिसपेन्सिलने.